मोर्चाला माणसं बोलवायची: एसएमएस, व्हॉट्सॲप की फोन?

हिवाळी अधिवेशनाचे दिवस आले की यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात आणि मॉरिस कॉलेज टी पॉइंट, टेकडी रोड अशा ठिकाणी अडवले जातात. 1953 च्या नागपूर करारामुळे वर्षातून एकदा सरकार इथे येतं, म्हणून विदर्भातल्या प्रत्येक संघटनेला हे थोडेसे दिवस मोलाचे. पारडी, वाठोडा किंवा हुडकेश्वरकडच्या एखाद्या वस्तीत पाण्यासाठी नाहीतर मालकी पट्ट्यांसाठी लढणाऱ्या गटाकडे हजार-बाराशे फोन नंबर असतात, हाताशी पैसा कमी असतो आणि दिवस त्याहून कमी. या लोकांना हाक कशी द्यायची, कोणत्या साधनाला किती वेळ आणि पैसा द्यायचा, हे ठरवणाऱ्यांसाठी ही तुलना आहे. हिशेबासाठी 1,200 जणांची यादी आणि सकाळी 11 ची वेळ धरली आहे.

आमचं मत आधीच सांगतो. ॲप कुठलं याला दुसरा नंबर द्या. पहिला प्रश्न हा, की संदेश कोणाच्या नंबरावरून येतोय. ओळखीच्या माणसाचा साधा एसएमएस माणूस घराबाहेर काढतो. अनोळखी हेडरवरून, म्हणजे नंबराऐवजी दिसणाऱ्या नावावरून, आलेला देखणा संदेश बँकेच्या जाहिरातीखाली दबतो.

याचा पुरावा जुना आहे. 16 जानेवारी 2001 ला फिलिपिन्सच्या सिनेटने राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्ट्राडा यांच्याविरुद्धच्या पुराव्याचं पाकीट न उघडण्याचं ठरवलं आणि त्याच रात्री मनिलात मोबाइलवर संदेश फिरू लागले: एड्साला जा, काळे कपडे घाला. लाखो लोक एड्सा रस्त्यावर जमले आणि 20 जानेवारीला एस्ट्राडा यांना राजवाडा सोडावा लागला. स्पेनमध्ये 11 मार्च 2004 च्या बॉम्बस्फोटांनंतर, मतदानाच्या आदल्या दिवशी, सत्ताधारी पक्षाच्या माद्रिदमधल्या मुख्यालयासमोर माणसं जमली तीही अशाच संदेशांवर, आणि त्या संदेशांच्या शेवटी एकच शब्द असायचा: पासालो, म्हणजे पुढे पाठव. दोन्हीकडे एका माणसाने आपल्या ओळखीच्या माणसाला पाठवलं, त्याने त्याच्या ओळखीच्याला. एका संगणकावरून लाखभर नंबरांवर सोडलेले संदेश ते नव्हते. आज 'एसएमएसने क्रांती झाली' म्हणून बल्क एसएमएसची पाकिटं विकली जातात, तेव्हा नेमका हा फरक गाळलेला असतो.

हेडरवाला बल्क एसएमएस

तुमच्या फोनवर नंबराऐवजी सहा अक्षरांच्या नावाने येतो तो हा. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या नियमांनुसार असा संदेश पाठवणाऱ्याला डीएलटी प्रणालीत (टेलिकॉम कंपन्यांच्या सामाईक नोंदवहीत) नाव नोंदवावं लागतं, आणि मार्च 2021 पासून प्रत्येक संदेश त्या नोंदीशी ताडून पाहिला जातो. ताडणी सुरू झाली त्या पहिल्याच दिवसांत बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले होते आणि ती काही दिवस थांबवावी लागली. मोठ्या बँकांची ही गत झाली, तर वस्तीतल्या समितीने 'दोन दिवसांत करून घेऊ' या भरवशावर राहू नये.

पायऱ्या अशा. एखाद्या टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर संस्था म्हणून नोंदणी करायची. त्यासाठी संस्थेचं पॅन, नोंदणी प्रमाणपत्र आणि सही करणाऱ्याला दिलेलं अधिकारपत्र लागतं. बऱ्याच पोर्टलचं शुल्क 5,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,900. मग हेडर मंजूर करून घ्यायचं, मग संदेशाचा साचा. साच्यात बदलणाऱ्या जागा (तारीख, ठिकाण) आधीच दाखवाव्या लागतात आणि एका जागेत साधारण 30 अक्षरंच बसतात. मंजूर साच्यातलं एखादं विरामचिन्ह इकडचं तिकडे झालं तरी संदेश वाटेतच गळतो, आणि पाठवणाऱ्याला ते अहवाल उघडल्याशिवाय कळत नाही. संदेशात लिंक असेल तर तीही आधी मंजूर यादीत हवी. ऑक्टोबर 2024 पासून यादीबाहेरच्या लिंकचा संदेश अडवला जातो. मे 2025 पासून हेडरच्या शेवटी प्रकार सांगणारं अक्षरही येतं, जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी संदेशाला जी. तुमची हाक बहुधा पी च्या खात्यात पडते.

इथेच मोर्चेवाल्यांची सगळ्यात मोठी अडचण होते. जाहिरात प्रकारचे संदेश सकाळी 10 ते रात्री 9 एवढ्याच वेळात जातात. अकराच्या मोर्चाला माणूस कळमन्याहून किंवा कामठीहून साडेनऊला निघायला हवा. त्याला आठ वाजता आठवण करायची, तर हा रस्ता बंद असतो. शिवाय ज्यांनी 1909 वर डीएनडी (जाहिराती नकोत अशी नोंद) लावलंय त्यांच्यापर्यंत हा संदेश पोचतच नाही. आणि हेडरला उत्तर देता येत नाही. 'येणार असाल तर 1 पाठवा' असं हेडरवाल्या संदेशात लिहिणं निरर्थक आहे. त्याऐवजी मिस्ड कॉलसाठी नंबर द्यावा लागतो, म्हणजे संदेशाच्या मोजक्या अक्षरांतल्या दहा जागा तिथेच गेल्या.

पैशाच्या बाबतीत मात्र हा मार्ग स्वस्त आहे. 20 पैसे दर धरला तर 1,200 जणांना एका भागाचा संदेश 240 रुपयांत जातो (देवनागरीत 70 जागांपुढे गेलेला संदेश तुटून जास्त भागांचा होतो, ते गणित पुढे आहे). खर्च नोंदणीचा आणि वेळेचा. ज्या संघटनेचे सभासद पाच-दहा हजार आहेत, ज्या वर्षभर सूचना पाठवतात (शिक्षक संघटना, कर्मचारी महासंघ, मोठी पतसंस्था), त्यांनी हे जरूर करावं, आणि सभासदांची लेखी संमती घेऊन सेवा प्रकारचा साचा मंजूर होतो का ते विचारावं. एका मोर्चापुरतं उभं राहिलेल्या गटाने यात पडू नये.

'आमच्या हेडरवरून सोडून देतो, नोंदणीची गरज नाही' असं म्हणणारे विक्रेते भेटतात. दुसऱ्याच्या हेडरवरून तुमचा मजकूर गेला तर वाचणाऱ्याला तो एखाद्या कपड्याच्या दुकानाच्या नावाने दिसतो. आणि तक्रार झाली की हेडर गोठतं, तेही नेमकं मोर्चाच्या आदल्या दिवशी.

साध्या सिमवरचा एसएमएस

आपण ज्याची शिफारस करतोय तो हा. वस्तीतल्या प्रत्येक गल्लीत एक माणूस ठरवायचा, त्याच्याकडे 40 नंबर द्यायचे, आणि ते 40 जण त्याला तोंडाने ओळखणारे हवेत. 1,200 जणांसाठी 30 माणसं. प्रत्येक जण आपल्याच फोनवरून पाठवतो.

40 हा आकडा कुठून आला? आजच्या बहुतेक रिचार्जमध्ये दिवसाला 100 एसएमएस मिळतात. पण हे 100 म्हणजे 100 भाग. संदेश एका भागात बसला तर 40 जणांना 40 खर्च होतात आणि सकाळच्या आठवणीला, बदललेल्या वेळेला, 'गेट बदललं' सांगायला 60 उरतात. दोन भागांचा झाला तर 80 गेले, उरले 20. तीन भागांचा झाला तर तेहतिसाव्या माणसाला पाठवून 99 होतात आणि चौतिसाव्याचा संदेश अर्धवट अडकतो. फोनवर लाल खूण येते, पाठवणाऱ्याला वाटतं रेंज नाही, तो पुन्हा पुन्हा बटण दाबतो. शिल्लक असेल तर ती कापली जाते, नसेल तर शेवटचे सात जण राहून जातात. एखाद्या गल्लीतून कोणीच आलं नाही, त्यामागे कित्येकदा एवढंच कारण असतं.

फोनच्या सेटिंगमध्येही दोन गोष्टी आधी बघून घ्या. अँड्रॉइडच्या मेसेज ॲपमध्ये एकाच वेळी अनेकांना पाठवलं की काही फोन त्याचा गट करून एमएमएस बनवतात. एमएमएस आपल्याकडे जवळपास मेलेलं साधन आहे, ते पोचत नाही. सेटिंगमध्ये गट संदेशाच्या ठिकाणी 'प्रत्येकाला वेगळा एसएमएस' हा पर्याय निवडा, आणि दहा-दहा जणांच्या तुकड्या करून पाठवा. दुसरं, त्याच ॲपमधली आरसीएस ही नेटवरून संदेश पाठवायची सोय चालू असेल तर तुम्ही एसएमएस समजून पाठवलेलं नेटवरून जातं. समोरच्याचं नेट बंद असेल तर ते तिथेच अडकून राहतं. त्या दोन दिवसांपुरतं आरसीएस बंद ठेवा.

आणि अनोळखी नंबरांवर हा प्रयोग करू नका. फेब्रुवारी 2025 मधल्या ट्रायच्या दुरुस्तीनंतर एखाद्या नोंदणी नसलेल्या नंबराविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी पुरतात. पहिल्या वेळी आउटगोइंग 15 दिवस बंद, पुन्हा झालं तर सगळीच जोडणी वर्षभर जाऊ शकते. मोर्चाची हाक हा व्यावसायिक संदेश आहे की नाही यावर नंतर भांडता येईल, पण तोवर सिम बंद पडलेलं असतं. आपल्या गल्लीतला माणूस तक्रार करत नाही. विकत घेतलेल्या यादीतला करतो.

70 जागांचं गणित

रोमन लिपीतल्या एसएमएसला 160 अक्षरं मिळतात, देवनागरीला 70. संदेश त्यापुढे गेला की जोडणीची माहिती जागा खाते आणि देवनागरीत प्रत्येक भागाला 67 च उरतात. शिवाय आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते फोन एक मोजत नाही. 'मोर्चा' हे आपल्या डोळ्यांना दोन अक्षरं. फोनला म, ओकार, र, हलन्त, च, काना अशा सहा जागा. 'स्टेडियम' आठ जागा खातं. स्पेसही एक जागा.

हा नमुना बघा:

पाणी मोर्चा बुध 9 डिसें स 11 यशवंत स्टेडियम. येणार तर 1 पाठवा नळ समिती

हा बरोबर 70 जागांचा आहे. विषय, वार, तारीख, वेळ, जागा, उत्तर कसं द्यायचं आणि कोण बोलवतंय, सगळं आलं. शेवटी सवयीने पूर्णविराम टाकला की 71, म्हणजे दोन भाग, म्हणजे 40 ऐवजी 80. 'नळ समिती'च्या ठिकाणी तुमच्या गटाचं नाव घालताना आठच जागा हातात आहेत हे लक्षात ठेवा; नाव मोठं असेल तर 'पाठवा' काढून 'येणार=1' असं लिहा.

वार आणि तारीख दोन्ही का? एसएमएस समोरचा फोन बंद असला तर कंपनीकडे थांबून राहतो आणि फोन सुरू झाला की येतो; मध्ये कित्येकदा दिवस जातो. 'उद्या 11 वाजता' हा संदेश एक दिवस उशिरा पोचला तर माणूस चुकीच्या दिवशी स्टेडियमवर उभा राहतो. 'उद्या', 'आज', 'परवा' हे शब्द हाकेच्या संदेशात कधीच घालू नयेत.

रोमनमध्ये मराठी लिहिली तर दुप्पट मजकूर बसतो, हे खरं. पण वस्तीत मोर्चाला पहिल्यांदा बाहेर पडतात त्या चाळिशी-पन्नाशीतल्या बाया, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी देवनागरी सहज वाचतात, रोमन मराठी अडखळत. आम्ही देवनागरीच निवडू. फक्त जुन्या कीपॅड फोनवर कधी देवनागरीचे चौकोन दिसतात, विशेषतः 'ॲ' हे अक्षर. ते टाळता येतं, टाळा. पाठवण्याआधी तीन वेगळ्या फोनवर संदेश मागवून बघा, त्यांतला एक सगळ्यात स्वस्त कीपॅडचा असू द्या. रोमनमध्ये लिहायचंच ठरवलं तर एकही इमोजी घालू नका: एका इमोजीने अख्खा संदेश 160 वरून 70 च्या हिशेबात उतरतो.

नागपुरात आणखी एक गोष्ट. मोमीनपुरा, जरीपटका, कामठी इथे हिंदीत संदेश गेला तर तो आपला वाटतो. यादीत भाषेचा रकाना ठेवा आणि दोन मसुदे करा. एकाच संदेशात दोन्ही भाषा कोंबल्या की तीन भाग होतात.

व्हॉट्सॲप: सांगायला उत्तम, मोजायला फसवं

व्हॉट्सॲपचं बळ उघड आहे. मागण्यांचं पत्रक, रस्त्याचा नकाशा, कोरड्या नळाचा फोटो, आवाजात दिलेली सूचना, सगळं फुकट जातं. का जायचं हे 70 जागांत पटत नाही. ते इथे पटवता येतं. लिहिता न येणारी माणसंही आवाजाचा संदेश ऐकून उत्तर देतात, आणि हा फायदा एसएमएसला कधीच मिळणार नाही.

पण व्हॉट्सॲपमध्ये चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. ग्रुपमध्ये 1,024 जण बसतात, म्हणजे आपली 1,200 ची यादी एका ग्रुपमध्ये मावत नाही, आणि मावली असती तरी मावू देऊ नये. एवढ्या मोठ्या ग्रुपमध्ये 'शुभ सकाळ' आणि वाढदिवसांच्या खाली मोर्चाची वेळ हरवते. ॲडमिननेच लिहायचं अशी सेटिंग केली की गोंधळ थांबतो, पण मग लोकांचे प्रश्नही थांबतात. ब्रॉडकास्ट यादी 256 जणांची असते आणि तिची खोच अशी, की ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यालाच तो संदेश मिळतो. बाकीच्यांना पाठवल्याचं तुम्हाला दिसतं, त्यांना काहीच येत नाही. चॅनलवर कितीही लोक येऊ शकतात, पण बोलवायला त्यांचे नंबर हाती लागत नाहीत. पत्रकारांना आणि शहराला सांगायला चॅनल ठीक, माणूस आणायला कमजोर. कम्युनिटी मात्र आपल्या कामाला जुळते: वरती सूचनांचा एक ग्रुप, खाली गल्लीगणिक छोटे ग्रुप. सूचनांच्या ग्रुपमध्ये सामान्य सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ही बायांच्या दृष्टीने फार महत्त्वाची गोष्ट आहे. अनोळखी माणसांचे रात्री येणारे मेसेज हे बायांनी ग्रुप सोडण्याचं मोठं कारण असतं.

फॉरवर्डच्या मर्यादाही लक्षात घ्या. 2018 च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच जणांना मारलं गेलं. अफवा मोबाइलवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली, आणि एप्रिल 2020 पासून अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला जातो. त्यामुळे 'हे सगळीकडे फिरवा' यावर मोर्चा उभा राहत नाही. फिरलेल्या संदेशावर तशी खूणही दिसते आणि वाचणारा तो न वाचताच सोडून देतो. गल्लीतल्या माणसाने तोच मजकूर स्वतः टाइप करून, वर 'काकू, तुम्ही आणि वहिनी दोघी या' एवढं घालून पाठवला की चित्र बदलतं.

नव्या सिमवर व्हॉट्सॲप घेऊन एका दिवसात तीनशे अनोळखी नंबर ग्रुपमध्ये ओढले, तर खातं बंद होण्याची पुरेपूर शक्यता. दुवा किंवा क्यूआर कोड देऊन लोकांना स्वतः येऊ द्या. तो दुवा चौकातल्या फलकावर लावलात तर आठवड्याने तो बदला. नाहीतर कर्ज देणारे आणि सट्टेवाले आत येतात. पक्ष किंवा उमेदवाराचं काम असेल तर व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक एपीआयचा (कंपन्यांना एकगठ्ठा संदेश पाठवायच्या सोयीचा) विचार सोडून द्या, राजकीय प्रचाराला तिथे मनाई आहे.

मोजणीबद्दल. पोल टाकला की 'येणार'वर धडाधड बोटं पडतात. ग्रुपमधल्या शंभर जणांसमोर 'नाही' म्हणणं अवघड असतं, म्हणून ते बोट खरं धरू नये. एसएमएसने एकट्याला विचारलेल्या प्रश्नावर आलेला '1' त्यामानाने भरवशाचा, कारण ते उत्तर देताना कोणी बघत नसतं, आणि द्यायला कष्ट पडलेले असतात. गाड्या, पाणी, नाश्ता यांचा अंदाज एसएमएसच्या '1' वरून करा.

फोन

फोनबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे की तो सगळ्यात जास्त लागू पडतो. प्रश्न वेळेचा आहे. एक माणूस तासाला वीसेक फोन नीट करू शकतो. 1,200 जणांना फोन म्हणजे 60 तास. 30 माणसांत वाटले तर प्रत्येकी दोन तास, जे जमू शकतं, पण एकदाच. म्हणून फोन '1' पाठवलेल्यांना आणि काहीच उत्तर न दिलेल्या ज्येष्ठांना करा. रेकॉर्ड केलेला आवाज सोडणारी यंत्रणा टाळा. लोक पहिल्या दोन सेकंदांत कापतात.

गर्दीत आणि नेट बंद असताना

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गेलेल्या कोणालाही विचारा: लाखोंच्या गर्दीत व्हॉट्सॲपवर एक टिक येऊन थांबते. डेटा अडकलेला असताना एसएमएसला मात्र फार थोडी जागा लागते, आणि पहिल्या खेपेला गेला नाही तर कंपनीकडून पुन्हा प्रयत्न होत राहतो; तो उशिरा का होईना पोचतो. यशवंत स्टेडियमच्या आत पोचल्यावर सगळ्या सूचना एसएमएसने द्याव्यात.

सरकारने नेट बंद केलं तर? अमरावतीत नोव्हेंबर 2021 मध्ये हिंसाचारानंतर मोबाइल इंटरनेट बंद झालं होतं, आणि ते इथून दीडशे किलोमीटरवर आहे. अशा वेळी व्हॉट्सॲप आणि आरसीएस दोन्ही जातात. साधा एसएमएस कधी चालू राहतो, कधी नाही; बल्क एसएमएस मात्र सगळ्यात आधी बंद होतात. सप्टेंबर 2010 मध्ये अयोध्या निकालाच्या वेळी देशभर बल्क एसएमएस थांबवले होते, आणि ऑगस्ट 2012 मध्ये ईशान्येकडचे लोक बंगळुरू-पुणे सोडून जाऊ लागले तेव्हा तर एका वेळी पाचपेक्षा जास्त एसएमएस पाठवायला 15 दिवस मनाई झाली. मध्येच ती 20 वर नेली. 40 जणांची साखळी पाच-पाचच्या तुकड्यांनीही चालू शकते. हेडरची व्यवस्था अशा वेळी पूर्ण थांबते.

कायद्याची बाजू

ग्रुपचा ॲडमिन व्हायला लोक घाबरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेच 1 मार्च 2021 च्या निकालात सांगितलं आहे, की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. त्यात त्याचा समान हेतू किंवा ठरवून सहभाग दिसायला हवा. म्हणून भिऊ नका, पण चिथावणीचा मजकूर दिसला की काढा आणि तसं लिहून ठेवा.

संदेश पाठवण्याआधी पोलिसांची परवानगी आणि मार्ग हातात घ्या. शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली जमावबंदी लागू असू शकते. परवानगीशिवाय पाठवलेला तुमचाच एसएमएस तुमच्याविरुद्ध पुरावा होतो. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत पक्षाने किंवा उमेदवाराने बल्क एसएमएस पाठवायचा तर निवडणूक आयोगाच्या माध्यम समितीचं पूर्वप्रमाणपत्र लागतं, खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो आणि मतदान संपेपर्यंतच्या शेवटच्या 48 तासांत ते पूर्ण बंद असतं.

नंबर कुठून आणले हेही विचारलं जाईल. रेशन दुकानाची, शाळेची, दवाखान्याची यादी वापरू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभा संमती आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मुलाच्या शाळेत दिलेल्या नंबरावर मोर्चाचा संदेश आला की आईचा विश्वास जातो. सभेत वही फिरवा, माणसाने स्वतः नंबर लिहू द्या. वहीवरून शीट करताना रकाने एवढे: नाव, नंबर, गल्ली, भाषा, साधा फोन की स्मार्टफोन, आणि कोणामार्फत आला. दहा आकडे आहेत का, पहिला 6 ते 9 मधला आहे का, तेच नंबर दोनदा आलेत का, हे तपासा. शेवटचा 'कोणामार्फत' हा रकाना भरला नाही तर बाकी यादी असून नसल्यासारखी, कारण 40-40 च्या वाटण्या त्यावरूनच होतात.

मग काय निवडायचं

दोनशेच्या आतली यादी असेल तर एसएमएस-व्हॉट्सॲपचा विचारच नको, सहा जणांनी बसून फोन करा. दोनशे ते दोन हजारांपर्यंत: का जायचं ते व्हॉट्सॲप कम्युनिटीवर, कधी-कुठे ते गल्लीतल्या माणसाच्या सिमवरून एसएमएसने, आणि पक्कं करायला फोन. पाच हजारांपुढे नोंदणीकृत संघटना असेल आणि हातात किमान दीड-दोन महिने असतील तर हेडर घ्या, पण गल्लीची साखळी मोडू नका; हेडर तिच्या जोडीला, तिच्या जागी नाही. दोन ते पाच हजारांच्या मधल्यांनी पैसे हेडरवर घालण्याआधी आणखी चाळीस-पन्नास गल्लीप्रमुख शोधावेत. विद्यार्थ्यांची संघटना असेल तर एसएमएसचा भाग कमी केला तरी चालेल. त्यांच्या हातात फोन असतोच. घरकामगार, विडी कामगार, ज्येष्ठ, पेन्शनर असतील तर तो वाढवा.

वेळापत्रक बुधवारच्या मोर्चाचं असं ठेवता येईल. आधीच्या बुधवारी व्हॉट्सॲपवर मागण्या आणि आवाजाचा संदेश. शनिवारी संध्याकाळी सात ते आठ या वेळात पहिला एसएमएस, घरी लोक असतात तेव्हा. रविवार-सोमवार फोन. मंगळवारी संध्याकाळी एसएमएस फक्त '1' पाठवलेल्यांना, त्यात जमण्याची गल्लीतली जागा आणि गाडीची वेळ. बुधवारी सकाळी आठला शेवटचा. सीताबर्डी मेट्रो स्टेशनवरून चालत यायचं की ऑटोने, हेही त्यात बसवा. एका गल्लीसाठी तोच मजकूर, त्यामुळे 70 च्या आत येतो.

आणि एक संदेश बहुतेक गट लिहायचा विसरतात: संपल्याचा. झिरो माइलजवळ गोवारी शहीद स्मारक आहे. 23 नोव्हेंबर 1994 ला निवेदन घ्यायला कोणी येईल म्हणून थांबलेल्या मोर्चात लाठीमार झाला, चेंगराचेंगरी उसळली आणि 114 जीव गेले, त्यांत बाया आणि लेकरं जास्त. त्या काळी मागच्या माणसाला पुढे काय चाललंय ते कळायचा मार्ग नव्हता. आज आहे. शिष्टमंडळ आत गेलं की एक एसएमएस, बाहेर आलं की एक, आणि 'कोणत्या बाजूने परतायचं' हा तिसरा. हे तीन मसुदे मंगळवारीच टाइप करून तीसही फोनमध्ये साठवून ठेवा, प्रत्येकी 70 च्या आत, कारण गर्दीत उभं राहून कोणी जागा मोजत बसत नाही. तिसऱ्यात रस्त्याचं नाव रिकामं सोडा. पोलिसांशी बोलून ज्या बाजूने सोडतील ती बाजू त्याच क्षणी भरायची आणि पाठवायचं.